बीओडी सात, तरी गवत पिवळं: बेसा भागातल्या एका एसटीपीचं प्रकरण

"मॅडम, आमचा बीओडी सात आहे. मंग गवत काहून जळून राह्यलं?"

एप्रिलच्या दुसऱ्या आठवड्यात आलेल्या फोनवरचं हे पहिलंच वाक्य. फोन करणारे काका नागपूरच्या बेसा-पिपळा बाजूच्या एका फ्लॅट स्कीमचे सेक्रेटरी. बीओडीचा, म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ किती उरला ते सांगणारा, आकडा तोंडपाठ असलेला सेक्रेटरी मला तोवर भेटला नव्हता. लहान एसटीपींचं, म्हणजे सांडपाणी शुद्ध करणाऱ्या केंद्रांचं, पाणी पुन्हा वापरता येतं का, कुठं येतं आणि कुठं अडतं, हाच माझ्या संशोधनाचा विषय, म्हणून कुणीतरी माझा नंबर त्यांना दिला होता. काकांना उत्तर लगेच हवं होतं. मला ते द्यायला सव्वा महिना लागला, आणि त्यातले तीन आठवडे माझ्याच चुकीपायी गेले.

स्कीममध्ये ९६ फ्लॅट, माणसं ३८० च्या आसपास. मनपाची गडर लाइन अजून तिथं पोचलेली नाही. पाणी दोन बोअरचं, उन्हाळ्यात वरून टँकर. पार्किंगच्या मागं तळघरात एसटीपी आहे, एमबीबीआर पद्धतीचा. म्हणजे टाकीत प्लास्टिकच्या हजारो चकत्या तरंगत असतात, त्यांच्यावर जिवाणूंचा थर वाढतो, ब्लोअर खालून हवा देतो आणि जिवाणू मैल्यातला सेंद्रिय भाग खाऊन टाकतात. पुढं निवळण टाकी, रेतीचा फिल्टर, कार्बनचा फिल्टर, हायपोचा, म्हणजे जंतू मारणाऱ्या क्लोरीनच्या द्रावणाचा, डोस, आणि शेवटी ट्रीटेड पाण्याची टाकी. तिथून वेगळ्या पाइपनं पाणी सगळ्या संडासांच्या फ्लशला जातं, उरलेलं बागेला, त्यातूनही उरलं तर मागच्या नाल्यात. फ्लशचं पाणी अर्थातच फिरून परत एसटीपीतच येतं. हे फिरणं लक्षात ठेवा, सगळं प्रकरण त्याच्याभोवती आहे.

बाग म्हणजे समोरचं साधारण दोन हजार चौरस फुटांचं लॉन आणि कडेनं जास्वंद, चाफा, दोन आंब्याची कलमं. मी गेले तेव्हा लॉन गवती चटईसारखं पिवळं पडलं होतं. जास्वंदीची पानं मधे हिरवी आणि काठाला करपलेली, जणू कुणी उदबत्तीनं कड जाळत नेली आहे. वाफ्याच्या कडेला मातीवर पांढरट पापुद्रा. माळीबाबांनी तो नखानं खरवडला, जिभेला लावला आणि म्हणाले, "खारं हाय."

सांडपाणी टाकलेली माती जिभेला लावू नका, हे मी त्यांना दोनदा बजावलं. त्यांनी सांगितलेला निष्कर्ष मात्र वहीत लिहून घेतला नाही. प्रकरण तिथंच, पहिल्या दिवशी सकाळी दहा वाजता सुटलं होतं.

कागद काय म्हणत होते

देखभालीच्या ठेकेदाराकडं दर महिन्याचे रिपोर्ट नीट लावलेले होते. मार्चचा रिपोर्ट: पीएच ७.६, बीओडी ७, सीओडी (रसायनानं मोजलेली ऑक्सिजनची गरज) ४२, तरंगते घन पदार्थ ८, पीएच सोडून बाकी सगळे लिटरमागे मिलिग्रॅममध्ये. यात लबाडी नव्हती, मी स्वतः नमुने घेऊन आमच्या प्रयोगशाळेत तपासले तेव्हा आकडे जवळपास तेच आले.

बीओडी म्हणजे पाण्यातला सेंद्रिय मळ खाताना जिवाणूंनी किती ऑक्सिजन वापरला त्याचं माप. बाटली बंद करून ठेवायची, आधीचा आणि नंतरचा ऑक्सिजन मोजायचा. जुनी इंग्रजी पद्धत २० अंशांना ५ दिवसांची. तिची कथा अशी सांगतात की, तिकडच्या नद्यांचं पाणी पाचेक दिवसांत समुद्राला मिळतं, म्हणून पाच. आपल्याकडच्या भारतीय मानकात २७ अंशांना ३ दिवस ठेवतात, कारण आपल्या हवेत २० अंश टिकवायचे तर इनक्युबेटर रात्रंदिवस कण्हत राहणार. आमची नाग नदी पाच दिवसांत समुद्रापर्यंत पोचायची नाही हेही आहेच. ती कन्हानला मिळणार, कन्हान वैनगंगेला, वाटेत गोसीखुर्द धरण, मग प्राणहिता, मग गोदावरी.

मुद्दा असा की, बीओडी ७ म्हणजे एसटीपी त्याचं काम चोख करत होता. घरगुती मैलापाणी आत येताना हा आकडा साधारण दोनशेच्या घरात असतो. ठेकेदाराचं म्हणणं पडलं की, ऊन आहे, एप्रिलमध्येच पारा ४३ वर गेला, नवतपा तर अजून यायचाच आहे, गवत जळणारच. तिसऱ्या मजल्यावरच्या आजींचं म्हणणं पडलं की, गडरचं पाणी झाडाला घातलं तर दुसरं काय होणार. दोघांचंही म्हणणं चुकीचं होतं. कारण समोरच्या बंगल्यातलं, साध्या बोअरच्या पाण्यावरचं लॉन त्याच उन्हात हिरवं होतं, आणि आपल्या स्कीममधलं हेच लॉन याच पाण्यावर आधीची दोन वर्षं तगलं होतं.

माझा पहिला अंदाज

माझा संशय गेला क्लोरीनवर. ट्रीटेड टाकीचं झाकण उघडलं की जलतरण तलावासारखा वास येत होता. नमुन्यात क्लोरीन दाखवणारी डीपीडीची गोळी टाकली आणि कुपी गर्द गुलाबी झाली. ऑपरेटर भाऊंना विचारलं तर म्हणाले, "वास येऊ नये म्हून दोन मग जास्तीचे टाकतो मॅडम." जास्तीच्या क्लोरीननं पानं करपतात हे खरं. डोस बसवून दिला, डीपीडीचा किट त्यांच्या हाती दिला, रंग कुठवर चालेल ते दाखवलं आणि खुशीत घरी आले. काकांना सांगितलं, पंधरा दिवसांत फरक दिसेल.

पंधरा दिवसांनी फरक दिसला तो असा की, चाफ्याचीही पानं काठाला करपायला लागली होती.

मग मात्र मी ते केलं जे पहिल्या दिवशी करायला हवं होतं. खिशातलं ईसीचं पेन ट्रीटेड पाण्यात बुडवलं. ईसी म्हणजे पाण्याची विद्युतवाहकता. पाण्यात विरघळलेले क्षार जितके जास्त तितकी ती जास्त, आणि मोजायला अर्धं मिनिट पुरतं. पेनवर आकडा आला ३६०० मायक्रोसीमेन्स. त्याच वेळी बोअर आणि टँकरच्या मिसळलेल्या पाण्याची ईसी होती १२५०. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या वर्गवारीत सिंचनाला चालणाऱ्या पाण्यासाठी ईसीची कमाल मर्यादा २२५० दिली आहे. ती वर्गवारी नदी-तळ्यांच्या पाण्यासाठी आहे, एसटीपीसाठी नाही, पण गवताला पाणी कुठून आलं याच्याशी देणंघेणं नसतं.

रिपोर्टमध्ये ईसीचा किंवा टीडीएसचा, म्हणजे एकूण विरघळलेल्या क्षारांचा, रकानाच नव्हता. कुणी लपवला नव्हता, कुणी मागितलाच नव्हता. आणि एसटीपीनं क्षार काढावेत ही अपेक्षाही चूक आहे. जिवाणू मैला खातात, मीठ खात नाहीत. रेती गाळ अडवते, कार्बन वास आणि रंग धरतो, विरघळलेलं मीठ दोघांतूनही सरळ निघून जातं. पाणी फिरवून वापरलं की दर फेरीला घाण निघते आणि मीठ मागं राहतं.

कूलरची गोष्ट

आता पुढचा अंदाज सांगते, कारण तो मला फार आवडला होता आणि तो अर्धवट निघाला.

नागपुरात मे महिन्यात घराघरांत कूलर. या स्कीममध्ये मी मोजले तर १४० च्या वर भरले. एक कूलर दिवसाला निदान १०० लिटर पाणी हवेत उडवतो, लाही लाही होणाऱ्या दुपारी त्याहून जास्तच. म्हणजे एकट्या कूलरपायी रोज १४ हजार लिटर पाणी बोअरमधून वर येतं आणि गडरमध्ये उतरतच नाही. पाणी जातं, क्षार कूलरच्या टाकीत राहतात. संध्याकाळी एका घरच्या कूलरच्या टाकीत पेन बुडवलं तर आकडा आला ६८००. वाळ्याच्या ताट्यांवर जो पांढरा थर चढतो आणि जो आपण दर मार्चमध्ये ताट्या बदलताना शिव्या देत काढतो, तो हाच. आठवड्यातून एकदा लोक ती टाकी मोरीत ओततात. झालं, सगळे क्षार एसटीपीच्या दारात.

हेच काम मोठ्या मापात कोराडीला चालतं. नागपूर मनपाच्या भांडेवाडीच्या १३० एमएलडी (दिवसाला १३ कोटी लिटर) केंद्रातलं प्रक्रिया केलेलं सांडपाणी कोराडीच्या औष्णिक वीज केंद्राला जातं. पेंच धरणाचं पिण्याजोगं पाणी त्या कामात घालण्यापेक्षा हे केव्हाही शहाणपणाचं, आणि देशात सांडपाण्याच्या पुनर्वापराचा विषय निघाला की नागपूरचं नाव येतं ते यामुळं. वीज केंद्राचा कूलिंग टॉवर म्हणजे एक अवाढव्य कूलरच. पाणी उडतं, क्षार घट्ट होत जातात, आणि ते एका मर्यादेपलीकडं गेले की टॉवरमधलं थोडं पाणी मुद्दाम सोडून देऊन ताजं भरावं लागतं. तिथले इंजिनिअर बीओडीइतकीच क्षारांवर नजर ठेवतात, कारण पाइपात खवले धरले की नुकसान ताबडतोब दिसतं. सोसायटीत ती नजर ठेवायला कुणी नसतं.

तर मी काकांना सांगितलं की कूलर हे कारण. काका खूश, कारण यात कुणाचाच दोष नव्हता. रात्री घरी बसून मिठाचा जमाखर्च मांडला, तो मात्र जुळेना.

मीठ ना तयार होतं, ना नाहीसं होतं, त्यामुळं हिशेब किराणा दुकानासारखा सोपा. मे महिन्यात स्कीममध्ये ताजं पाणी रोज ४८ हजार लिटर येत होतं. १२५० ईसी म्हणजे लिटरमागे साधारण ८०० मिलिग्रॅम क्षार, म्हणजे पाण्याबरोबर रोज ३८ किलो क्षार आत. यातच कूलरच्या पाण्याचे ११ किलो आले. माणसाच्या वापरातून, म्हणजे मूत्र, साबण, स्वयंपाकाचं मीठ यांतून, माणशी ३० ग्रॅम धरले तर ११ किलो. एकूण ४९ ते ५०. आता बाहेर जाणारं. कूलर आणि इतर बारीकसारीक वाफ वजा जाता रोज ३२ हजार लिटर पाणी बागेत आणि नाल्यात जात होतं. ३६०० ईसीनं त्यात क्षार भरतात जवळपास ७५ किलो.

आत पन्नास, बाहेर पंचाहत्तर. रोज २५ किलो मीठ कुठून येतंय?

दुसरी गोष्टही तेव्हाच खटकली. माझ्या विद्यार्थ्यानं दिवसभर, सकाळी नऊ ते संध्याकाळी सहा, दर तासाला आत येणाऱ्या मैलापाण्याची ईसी घेतली होती. ती २८०० ते २९०० च्या मधे खेळत होती. बाहेर ३६००. म्हणजे एसटीपीत शिरणाऱ्या पाण्यापेक्षा निघणारं पाणी खारट. टाकीतून उडणारी वाफ मोजली, हायपोचं मीठ मोजलं, दोन्ही मिळून या फरकाच्या जवळपासही जाईनात. एसटीपी मीठ बनवत नसेल, तर आम्ही बघत नव्हतो तेव्हा कुणीतरी ते ओतत होतं.

रात्रीचे दोन

दुसऱ्या दिवशी रात्री अकरा वाजता मी आणि ऑपरेटर भाऊ कलेक्शन टाकीपाशी बसलो. दोरी बांधलेली बादली, पेन, वही, चटई आणि डासांची अगरबत्ती. नागपूरच्या मे महिन्यात तळघरात रात्रीही घामाच्या धारा लागतात, आणि कलेक्शन टाकीजवळ बसून चहा पिणं ही सवयीची गोष्ट आहे, एवढंच सांगते. भाऊ आपल्या गावच्या संत्र्याच्या बागेबद्दल बोलत होते. दर पंधरा मिनिटांनी बादली खाली सोडायची, वर ओढायची, आकडा लिहायचा. साडेअकरा, २८५०. पाऊण, २७९०. दीड, २८१०. पावणेदोन, २८००.

दोन वाजून दहा मिनिटांनी बादली वर आली, पेन बुडवलं, आणि पडद्यावर नुसता एक '१' उभा राहिला. पेनच्या आवाक्याबाहेर गेलं की ते असं करतं. मला वाटलं सेल गेला. पेन धुतलं, पिण्याच्या पाण्यात बुडवलं, बरोबर आकडा आला. परत बादलीत, परत '१'.

भाऊ वर बघून म्हणाले, "आता सॉफ्टनर धुतंय नं मॅडम. रोज दोनला धुतं थे."

"कुठलं सॉफ्टनर?"

पंपाच्या खोलीत, मोटरच्या मागं, निळ्या रंगाचं उभं सिलिंडर. शेजारी मिठाची टाकी, आणि भिंतीला लागून जाड्या मिठाची पन्नास किलोची पोती रचलेली. त्या खोलीच्या दारावरून मी दहा वेळा गेले असेन. "एक पोतं किती दिवस जातं?" विचारलं. "दोन दिवस."

दोन दिवसांत पन्नास, म्हणजे दिवसाला पंचवीस. हिशेब किलोला किलो जुळला. इतका नेमका जुळणारा हिशेब माझ्या आयुष्यात क्वचितच आला आहे.

सॉफ्टनर बसवलं होतं आदल्या वर्षीच्या ऑक्टोबरमध्ये. बोअरचं पाणी जड, गीझरची कॉइल पांढरी पडते, नळांवर डाग, केस गळतात, अशा तक्रारी होत्या आणि जनरल बॉडीत एकमतानं ठराव झाला होता. त्याचा आणि बागेचा संबंध लावायचं कुणाला सुचलं नाही. कसं सुचावं? एक वस्तू पंपाच्या खोलीतली, दुसरी दारातली.

सॉफ्टनर काय करतं ते थोडक्यात सांगते. आत रेझिनचे बारीक मणी असतात, त्यांच्यावर सोडियम बसवलेलं असतं. जड पाणी त्यातून गेलं की मणी पाण्यातलं कॅल्शियम आणि मॅग्नेशियम धरतात आणि बदल्यात सोडियम सोडतात. मणी भरले की मिठाच्या घट्ट पाण्यानं ते धुवून परत सोडियम चढवायचं. जे धुवण निघतं, त्यात सगळं जड मीठ आणि उरलेलं साधं मीठ असतं. ते मोरीत. इथं मोरी म्हणजे एसटीपी, आणि एसटीपी म्हणजे बाग.

काळ्या मातीसाठी यात आणखी एक वाईट गोष्ट आहे. आपल्या चिकण काळ्या मातीचे कण कॅल्शियममुळं एकमेकांना धरून राहतात, म्हणून तिच्यात हवा-पाणी खेळतं. तिथं सोडियम शिरलं की कण सुटतात. सोडियमचं कॅल्शियम-मॅग्नेशियमशी असलेलं हे प्रमाण एसएआर या आकड्यानं सांगतात. आमच्या नमुन्यात तो १० च्या आसपास निघाला. वर सांगितलेल्या वर्गवारीत मर्यादा २६ ची आहे, म्हणून मी त्याकडं फारसं लक्ष दिलं नाही. ही माझी पुढची चूक. तिचा हप्ता जूनमध्ये भरावा लागला.

मीटिंग

रविवारच्या मीटिंगला चाळीसेक लोक आले. सॉफ्टनर बंद करा, असं सांगायला मी गेले नव्हते, पण तसं ऐकू गेलं आणि हलकल्लोळ झाला. एक काकू म्हणाल्या, "गवतासाठी आमचे केस गळू द्यायचे का?" प्रश्न रास्त होता. एका विक्रेत्यानं आधीच ट्रीटेड पाण्यावर आरओ बसवण्याचं कोटेशन देऊन ठेवलं होतं. त्यानं ईसी खाली आली असती यात शंका नाही. पण आरओ मीठ नाहीसं करत नाही, ते कमी पाण्यात गोळा करून बाजूला काढतं. ते बाजूचं पाणी कुठं सोडणार, असं विचारल्यावर विक्रेता म्हणाला, "ड्रेनमध्ये." ड्रेन म्हणजे परत एसटीपी. हसू आवरलं नाही कुणाला.

शेवटी जे ठरलं ते असं. सॉफ्टनर राहणार, पण त्याची धुलाई घड्याळावर न लावता त्यातून किती लिटर पाणी गेलं यावर लावायची. आधी कंपनीच्या माणसानं ते रोज रात्री दोनला लावून ठेवलं होतं, गरज असो नसो. पाणी अगदी शून्य जडपणाचं न करता थोडं बोअरचं पाणी बायपासनं त्यात मिसळायचं. एवढ्यानं पोतं दोनाऐवजी चार दिवस पुरू लागलं, आणि केसांबद्दल कुणी काही बोललं नाही. धुवणाची लाइन एसटीपीपासून तोडून पाच हजार लिटरच्या वेगळ्या टाकीत घेतली. प्लंबरचं काम दीड दिवसाचं. इतका सगळा शोध, आणि उपाय म्हणजे एक एल्बो, वीस फूट पाइप आणि एक व्हॉल्व्ह.

पण मग त्या टाकीतल्या पाण्याचं काय, हा प्रश्न उरलाच. नागपूरचं ऊन फुकट आहे, म्हणून गच्चीवर जाड प्लास्टिकची ताडपत्री अंथरून उथळ वाफा केला, मिठागरासारखा. जूनच्या पहिल्या आठवड्यापर्यंत तो छान चालला. अडचण एवढीच की त्यातलं सगळं पाणी कधी आटलंच नाही. तळाशी तेलकट, चिकट पाक राहिला. कॅल्शियम आणि मॅग्नेशियमची क्लोराइडं हवेतली ओल ओढून घेतात. कोरड्या मे महिन्यात ती निदान घट्ट राहिली, मृगाचे ढग आले तशी परत पातळ झाली. पुस्तकात हे मी शिकवते. ताडपत्रीच्या कडेला हात चिकट झाल्यावर ते आठवलं.

पावसाळ्यात ते धुवण एसटीपीला वळसा घालून, पावसाच्या पाण्यात मिसळून नाल्यातच जातं. मला ते आवडत नाही. पण पूर्वीही ते शेवटी नाल्यातच जात होतं, बागेतून फिरून, हेही तितकंच खरं. पोत्यातून आलेलं मीठ कुठंतरी जाणारच. ते कमी आणणं एवढंच खरोखर आपल्या हातात असतं, आणि तिथं आम्ही ते निम्म्यावर आणलं होतं.

जूनची चूक

मृगाचा पहिला दणका पडला आणि लॉनवर दोन दिवस पाणी तुंबून राहिलं. उन्हाळ्यात हीच जमीन नळीचं पाणी भराभर पीत होती. काकांचा फोन: "मॅडम, आता तं मीठ बंद केलं नं. मंग हे काय होऊन राह्यलं?"

याचं कारण असं की, खारट पाणी चालू असतं तोवर त्यातले क्षारच चिकणमातीचे कण जवळ दाबून धरतात, आणि सोडियमचा बिघाड झाकला जातो. वरून पावसाचं गोडं पाणी आलं की क्षार धुवून जातात, सोडियम मात्र मातीच्या कणांना धरून बसलेलं असतं. मग कण सुटे होतात, छिद्रं बुजतात आणि पाणी वर उभं राहतं. एसएआर एकटा वाचायचा नसतो, ईसीबरोबर वाचायचा असतो. मी तो एकटा वाचला होता.

उपाय शेतकऱ्यांना ठाऊक असलेला, जिप्सम. जिप्सममधलं कॅल्शियम मातीच्या कणांवरच्या सोडियमची जागा घेतं आणि सुटलेलं सोडियम पावसाबरोबर खाली निघून जातं. हे पावसाआधी टाकून मातीत मिसळलं असतं तर पहिल्याच पावसानं काम केलं असतं. मी ते उघडीप मिळाल्यावर, जूनच्या अखेरीस टाकायला सांगितलं. माळीबाबांनी कुदळीनं माती मोकळी करून पोती रिकामी केली आणि काहीच बोलले नाहीत. ते न बोलणं मला ऐकू आलं. नागपूरला वर्षाला हजारेक मिलिमीटर पाऊस पडतो, आणि धुलाईच्या कामात त्याच्याइतका स्वस्त मजूर नाही. ऑगस्ट संपेस्तोवर लॉनवरचं पाणी तासाभरात मुरायला लागलं.

नवं विकतचं लॉन मात्र लावलं नाही. माळीबाबांनीच हराळी लावली. ती क्षार बऱ्यापैकी सोसते, आणि फुकट मिळते.

पुढच्या वर्षीचा मे

ऑपरेटर भाऊंच्या रजिस्टरमध्ये आता पेन्सिलीनं आखलेला ईसीचा रकाना आहे. पेन मी त्यांना देऊन टाकलं. रोज सकाळी आठला तीन आकडे लिहितात: बोअर, आत येणारं, बाहेर जाणारं. बाहेरचा आकडा आतल्यापेक्षा मोठा दिसला की मला फोन करायचा, एवढीच सूचना. दुसऱ्या वर्षी फेब्रुवारीत एकदा आला. धुवणाच्या टाकीचा व्हॉल्व्ह कुणीतरी उलटा फिरवला होता. आठ वाजता कळलं, साडेआठला बंद झालं.

मेमध्ये ट्रीटेड पाण्याची ईसी २४०० च्या थोडी वर राहिली. २२५० च्या खाली ती काही आली नाही, आणि कूलर आहेत, टँकर आहे, पाणी फिरून फ्लशला जातंय, तोवर येणारही नाही. हिशेब तेच सांगतो. एप्रिल ते जून बागेला एक दिवस ट्रीटेड आणि एक दिवस बोअरचं पाणी देतात. आंब्याची कलमं मोठ्या कुंड्यांत उचलून बोअरच्या नळाजवळ नेली. जास्वंद एक गेली, बाकीच्या फुटल्या. सगळं ट्रीटेड पाणी बागेतच जिरवायचं, हा सेक्रेटरी काकांचा पहिला हट्ट होता, तो त्यांनी सोडला.

यंदा गणपतीच्या आदल्या दिवशी रजिस्टर बघायला गेले होते. हराळी घोट्याएवढी वाढलेली, पावसानं धुतलेली. तिसऱ्या मजल्यावरच्या आजी हातात ताटली घेऊन कडेला उभ्या होत्या. मला बघून म्हणाल्या, "बाई, तू शिकलेली आहेस. ह्या पाण्यावरच्या दूर्वा गणपतीला चालतील का गं?"

मी म्हटलं, "आजी, जूनपासून हिला पावसाचंच पाणी आहे."

आजींनी माळीबाबांकडं पाहिलं. माळीबाबांनी न बोलता गेटजवळच्या कोपऱ्याकडं बोट दाखवलं. तिथं हात-दीडहात वाफा विटा लावून वेगळा केला होता आणि त्याच्या डोक्यावर बोअरचा नळ होता. आजी ताटली घेऊन तिकडं गेल्या.